शालन जग बघते

"खिडकी उघडीच ठेव, वारं लागू दे जरा," खालून तात्या म्हणाले. "आन् सावकाश ये. बगायचं ते सगळं बगून ये. ऐतवारच्या आत माघारी फिरू नगंस."

शालननं मान डोलावली. कोल्हापूरच्या स्टँडजवळ यात्रा कंपनीची गोव्याला जाणारी गाडी सकाळी सकाळी घरघरत होती आणि खिडकीखाली धोतराचा सोगा सावरत तिचे वडील उभे होते. एरवी गुळाच्या अडतीवर कुणाला धड दोन शब्द न बोलणारा हा माणूस लेकीची गाडी हलेपर्यंत जागचा हलायचा नाही. दर खेपेला असंच. शेजारची झुंबरबाई उगाच म्हणायची नाही, "बाप असावा तर असा. लेकीला जग दावतोय की!"

आणि खरंच दाखवलं होतं. सव्विसाव्या वर्षापर्यंत शालनचं म्हैसूर झालं होतं, हंपी झाली होती, काश्मीर झालं होतं. रामेश्वरहून बोटीनं ती सिलोनला जाऊन आली होती. गेल्या दिवाळीनंतर तर थेट काठमांडू. सन त्र्याहत्तरात शिवाजी पेठेतल्या बायकांची धाव फार तर जोतिबाच्या डोंगरापर्यंत. त्यांच्यात शालनचा थाट काही औरच होता.

थाट लोकांना दिसायचा. गाडीत शालनच्या शेजारची जागा मात्र रिकामी असायची. सोळाव्या वर्षी तिच्या मनगटावर पांढरा डाग उठला, मग गळ्यावर, मग ओठाशी. डॉक्टर झाले, वैद्य झाले, मिरजेला खेटे घालून झाले. कोड शेजारी बसून लागत नाही हे शहाण्यासुरत्या माणसांना ठाऊक असतं, पण पदर आवरून घेतात तीही हीच माणसं. गेल्या चार-पाच वर्षांत तात्यांनी तिला प्रवासाला धाडायला सुरुवात केली. "हितं समदी टकामका बगत्यात. लांब कोन वळखतंय तुला? मोकळी हिंड, पोरी."

ती हिंडली. पण काश्मिरात तळ्यातल्या नावेत बसून तिला घरची चूल आठवायची. सिलोनला देवळापुढं सगळे जोडीजोडीनं फोटो काढून घेत होते, तेव्हा ही बाजूला उभी राहून त्यांच्या पिशव्या सांभाळत होती. एवढं जग बघितलं, पण 'अगं, ते बघ की' म्हणून कोपरानं ढोसायला शेजारी कुणी नव्हतं. तिला फार एकटं वाटायचं. तात्यांचं मन मोडेल म्हणून ती बोलायची नाही, इतकंच.

तिचा सगळा जीव धाकट्या नंदिनीत होता. स्वतःचं लग्न शालननं केव्हाच मनातून काढून टाकलं होतं. पण नंदीच्या लग्नात करवली व्हायचं, हातात कऱ्हा घेऊन तिच्या मागं उभं राहायचं, एवढी एक हौस तिनं जपून ठेवली होती. तात्यांनीही शब्द दिला होता. "तुज्याबिगार दुसरी करवली कुठली?"

पण स्थळच येईना. नंदीनं बावीस ओलांडलं तरी पोरगी बघायला म्हणून कुणी उंबरा चढलं नव्हतं. आपल्या अंगावरच्या डागांमुळं तर नसेल, या विचारानं शालनला घास गोड लागायचा नाही. आईला विचारलं की माई भाकरी थापत म्हणायची, "येतील की. कसली घाई हाय?"

एक मात्र होतं. शालन परतायची तेव्हा घर कसं लख्ख असायचं. गाद्यांवर धुतलेल्या चादरी, झुंबरबाईच्या घरून आणलेल्या नव्या कपबश्या. आपण येणार म्हणून माई किती करते, असं वाटून शालनला भरून यायचं. माईचे डोळे तेवढे सुजलेले असायचे. नंदी शेजारी बसून प्रवासाच्या सगळ्या गमती ऐकायची, पण मान वर करायची नाही. घरात आपल्यावाचून करमत नाही यांना, एवढ्या समाधानावर शालन पुढच्या प्रवासाची पिशवी भरायची.

या खेपेला गाडीनं चंदगडच्या अलीकडंच मान टाकली. दुसरी गाडी उद्या येईल, असं कंपनीचा माणूस सांगू लागला. सगळे वैतागले. शालनला मात्र मनातून बरंच वाटलं. तिनं पिशवी उचलली आणि कोल्हापूरच्या एस.टी.त जाऊन बसली.

"काय पावणं, गोवा बगायचा सोडून माघारी?" तिकीट फाडत कंडक्टरनं विचारलं.

"या खेपेला घर बगायचं हाय," ती हसून म्हणाली. परक्या माणसाशी ती इतकं मोकळं कधी बोलली नव्हती.

दुपार कलली तेव्हा ती गल्लीत शिरली. घरापुढं एक अनोळखी मोटार उभी होती. उंबऱ्याशी जरीच्या चढावांची, चपलांची दाटी. आतून कांदेपोह्यांचा खमंग वास येत होता. शालनच्या लख्खकन ध्यानात आलं. नंदीला बघायला आले होते! आणि गाडी मोडायला आजचाच दिवस सापडला होता. अंबाबाईच पावली म्हणायची. घाईघाईनं तिनं तोंडावरची धूळ पुसली, पदर सारखा केला आणि दारात जाऊन उभी राहिली.

आत नंदी खाली मान घालून पाटावर बसली होती. माईच्या हातात पोह्यांची बशी होती, ती तशीच राहिली. गादीवर टेकलेल्या पाहुण्या बाईनं दाराकडं बघितलं, शालनच्या गळ्याकडं बघितलं. "कोन आल्यात बगा, तात्यासाहेब," ती म्हणाली.

तात्या लगबगीनं उठून दारात आले. त्यांना बघून शालन तोंडभर हसली. ती हाक मारणार एवढ्यात त्यांनीच आवाज चढवला, अगदी आतल्यांना नीट ऐकू जाईल असा.

"कुनाचं घर हुडकताय, बाई?"