तेरावं नाव

"नावं तेरा, मतं बारा," दुभाषा म्हणाला. "साहेब विचारतोय, तुझी आई कुठाय?"

उलायुकने मान खाली घातली. दुकानाच्या गोदामात साखरेच्या पोत्यांवर फळी टाकून टेबल केलं होतं. फळीवर पत्र्याची मतपेटी, पेटीमागे मतं घ्यायला आलेला साहेब. वस्तीतली बाकीची सगळी सकाळीच मत देऊन मोकळी झाली होती.

"झोपलीय," ती म्हणाली.

"आता? सूर्य मावळायचं नाव घेत नाही आणि तुझी आई झोपते?" दुभाषा हसला. तुलुगाक त्याचं नाव. दूरच्या वस्तीतला, साहेबाबरोबर विमानातून हिंडणारा. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ बाई, आपला मतदारसंघ बदनाम आहे. पहिल्या निवडणुकीला मतपत्रिका इथं पोचल्या, तेव्हा खासदार राजधानीत शपथ घेऊन बसलेला. दुसऱ्या वेळी विमान धुक्यात अडकलं, पेटी तीन आठवडे सीलच्या कातड्यांखाली पडून. उघडली तेव्हा वासाने मोजणारेच पळाले. मागच्या खेपेला निकाल सोळा मतांचा. हरलेला कोर्टात गेला, म्हणे मेलेल्यांनी मतं दिली. तेव्हापासून यादीतलं प्रत्येक नाव डोळ्यांनी बघायचा हुकूम आहे. पलीकडच्या बेटावरून दोघांना चौकशीला नेलं."

"परत आले?"

"अजून तरी नाही."

विमान इथं आणायला कमी आणि न्यायलाच जास्त यायचं. खोकणाऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, पोरांना शिकायला न्यायचं. उलायुकच्या धाकट्या बहिणीला तीन वर्षांपूर्वी असंच नेलं, नुसता खोकला होता. तिचं पुढं काय झालं ते सांगायला कुणी आलं नाही.

म्हणून तर आईचं नाव कुठल्याच कागदावर चढू द्यायचं नाही, असं तिने आणि नवऱ्याने ठरवलं होतं. पण वसंतात याद्या करणारा साहेब आला तेव्हा नवरा शिकारीला गेलेला. साहेबाने विचारलं, तंबूत कोण कोण? तिने खरं तेच सांगितलं. मी, नवरा आणि आई. आईचं नाव पाल्लुक. वय? पहिलं व्यापारी जहाज इथं आलं तेव्हा ती लग्नाची होती. साहेबाने कातड्यांखाली झोपलेल्या आईच्या उंचवट्याकडे नजर टाकली आणि लिहून घेतलं. तो लिहीत असताना ते नाव नको म्हणायचा तिला धीर झाला नाही. आपलं बरंवाईट ज्याच्या हातात, त्याच्यापुढे जीभ लुळी पडते. त्या भीतीला तिच्या भाषेत वेगळा शब्द आहे. साहेबांच्या भाषेत नाही. त्यांना तो लागत नसावा.

"घेऊन ये," तुलुगाक म्हणाला. "नाहीतर साहेब लिहील, की पाल्लुक नावाचं माणूसच नाही. मग नवऱ्याला बोलावतील."

तंबूत तिचा नवरा कुप्पाक सील मारायच्या हार्पूनला दोरी बांधत बसला होता. तिने सगळं सांगितलं तसा तो उठला.

"मी सासूबाईंना टेकडीमागे नेतो. विमान उडेपर्यंत तिथंच बसू."

"आणि तुला नेलं म्हणजे? आम्ही दोघींनी काय दगड खायचे?"

"मला विमान बघायचंय," आई म्हणाली. पुढचे दोन दात नसल्यामुळे तिच्या बोलण्यात वारं शिरायचं.

"सासूबाई, त्यात बघण्यासारखं काही नाही हो," कुप्पाक अजिजीने म्हणाला. "मोठा आवाज करणारा पत्रा नुसता."

"तुम्ही सगळ्यांनी बघितला. मीच नाही."

आईला नाही म्हणायची घरात रीत नव्हती. कुप्पाक तर तिच्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता. त्याने हार्पून खाली ठेवला.

उलायुकने आईचं तोंड पुसलं, केस विंचरले, नवे बूट घातले. बर्फ वितळून वाटेवर घोटाभर चिखल झाला होता, तेव्हा आईला पाठीवरच घेतलं. वजन ते काय! कधीकाळी याच बाईने, उपासमारीच्या वर्षी, तिला असंच पाठीवर घेऊन दोन दिवस बर्फ तुडवला होता. मानेवर आईचा ऊन श्वास लागत होता. बघतील आणि सोडतील, उलायुक स्वतःला बजावत होती. नुसतं बघायचंय त्यांना.

गोदामात शिरून तिने आईला खाली उतरवलं.

साहेब उठून उभा राहिला आणि तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघू लागला. तिथं कुणीच नव्हतं. त्याने काहीतरी विचारलं.

"म्हणतोय, म्हातारी कुठाय," तुलुगाक पुटपुटला. मग त्याने खाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने टोपी काढली.

"हीच पाल्लुक," उलायुक म्हणाली. "माझी आई."

तुलुगाक साहेबाला सांगू लागला. या बाईची आई वारली, पुढच्याच हिवाळ्यात हिला ही मुलगी झाली, मुलीला आईचं नाव दिलं. आमच्यात नाव आलं की माणूस परत येतं, मग ती आईच. साहेबाने डोळे विस्फारले, आणि तो पोट धरून हसायला लागला. हसत हसतच त्याने यादीतल्या तेराव्या नावावर रेघ मारली. उलायुकने कितीतरी दिवसांनी भरून श्वास घेतला.

साहेब गुडघ्यांवर बसला. पाल्लुकच्या हातावर बिस्किट ठेवून त्याने बोटं नाचवत काही विचारलं. तिने खुशीत एक अख्खा पंजा उघडला, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा.

साहेबाने पिशवीतून दुसरी वही काढली आणि लिहायला घेतलं.

"ही कसली यादी?" उलायुकने विचारलं.

तुलुगाक टोपीकडे बघत राहिला. "शाळेची," तो म्हणाला. "विमान सप्टेंबरात येईल."