नदीतले गोटे

"हं, पाचवा नियम," म्हणत परीक्षक बाईंनी आपली प्लास्टिकची खुर्ची शेकोटीच्या आणखी जवळ ओढली. थंडी मी म्हणत होती. रेवती त्यांच्यासमोर ताठ उभी होती. गाइडचा बिल्ला हवा तर शिबिरात शेकोटीच्या सुरक्षेचे नियम इंग्रजीतून म्हणायचे होते. तिने ते घोकून घोकून पाठ केले होते. अर्थ कुणी सांगितला नव्हता, तिनेही विचारला नव्हता.

"डू नॉट यूज वेट स्टोन्स फ्रॉम द रिव्हर," ती एका दमात म्हणाली.

तेवढ्यात शेकोटीभोवतीच्या गोट्यांतून चर्रर्र आवाज आला. बाईंच्या पायाजवळचा एक गोटा वाफ सोडत होता. ते गुळगुळीत गोटे रेवतीनेच दुपारी नदीतून निवडून आणले होते, मांडणी देखणी दिसावी म्हणून.

वेट म्हणजे ओले. स्टोन म्हणजे दगड. रिव्हर तर तिला पहिलीपासून येत होतं. सगळे शब्द ओळखीचे होते, पण ते एकत्र आज पहिल्यांदाच भेटले.

"पुढचा?" बाईंनी विचारलं.

रेवतीने त्यांचा हात धरला आणि होतं नव्हतं ते बळ लावून त्यांना खुर्चीवरून ओढलं. "अगं, वेड लागलं का?" बाई ओरडल्या. दोघी मातीत आपटल्या आणि मागे फटाक्यासारखा गोटा फुटला. रिकाम्या खुर्चीत तापलेली कपची पडली, तिच्याखाली प्लास्टिक वितळू लागलं.

बाई माती झटकत उठल्या आणि खुर्चीला पडलेल्या भोकावर वाकल्या.

"हा नियम वर्षानुवर्षं पोरींच्या तोंडून ऐकतेय गं," त्या पुटपुटल्या, "आणि खुशाल गोट्यांना पाय लावून बसले होते."