नको म्हटलेली गोळी

पित्ताशयाच्या ऑपरेशनचे टाके ठणकत होते, तरी नर्सने पुढे केलेली पेनकिलर शर्वरीने घेतली नाही.

"मी लिथियमवर आहे. ही गोळी त्याच्याबरोबर चालत नाही. माझ्या मानसोपचार डॉक्टरांना विचारा."

"झालं हिचं सुरू," नवरा म्हणाला. "बायपोलर आहे, सिस्टर. मी हात धरतो, तुम्ही भरवा."

त्याने खरंच मनगट आवळलं. ओरडली असती, तर तेही आजारातच धरलं असतं. शर्वरीने ओठ घट्ट मिटले आणि ती नर्सकडे बघत राहिली.

नर्सने गोळी बाजूला ठेवून फोन लावला. "बरोबर आहे यांचं," ती फोन ठेवत म्हणाली. "लिथियम अंगात साचलं असतं. डॉक्टरांनी दुसरी सांगितलीय."

"डॉक्टर म्हणतात, तर ठीक," नवरा पुटपुटला.

"आधी मी म्हणाले होते," शर्वरी म्हणाली. "आता हात सोड."