मिश्यांचं वजन

सासरेबुवांनी स्वतःच्या कारखान्यात अंतराळयान बांधलं आणि चालवायला घरचा जावई म्हणून मला बसवलं. वजन वाचवायचं म्हणून त्यांनी खुर्चीची गादी काढली, यानाचा रंग खरवडला आणि शेवटी माझ्या मिश्यांवर आले. घरात शांतता हवी म्हणून मी त्याही उतरवल्या.

यान झकास उडालं, पण अंतराळाची हद्द थोडक्यात हुकली आणि मी तसाच खाली आलो.

दार उघडताच सासरे म्हणाले, "जावईबापू, जेवून बसलात की काय?"

वर जाताना खुर्चीखाली काहीतरी खडखडत होतं, ते मला आठवलं. मी वाकून दोन्ही हातांनी ओढलं, तर भलीमोठी संगमरवरी पाटी निघाली.

तिच्यावर सासऱ्यांच्या नावाखाली कोरलं होतं: "ही पाटी अंतराळात जाऊन आलेली आहे."