बाबांची सोबत

भोसले घाटाच्या पायऱ्यांवर सराव करून देवव्रत, धाकटा सुश्रुत आणि त्यांचे बाबा बनारसहून कुमाऊँच्या डोंगरात लांब पल्ल्याच्या शर्यतीला गेले. पहिल्याच चढाला बाबा सुश्रुतबरोबर मागे राहिले. देवव्रत प्रत्येक वळणावर वळून बघायचा, तर बाबांचा हात सुश्रुतच्या खांद्यावर! त्याचा नुसता जळफळाट झाला. मग तो कुणासाठी न थांबता एकटाच धावत सुटला.

बऱ्याच वेळाने ते दोघे पोचले. बाबा पाणी प्यायला गेले, तसा देवव्रत भावावर उखडला, "मजा आहे बुवा तुझी! अख्खी वाट बाबा तुझ्या एकट्याचे."

सुश्रुतने मान फिरवली.

"छोड ना, दादा. अख्खी वाट ते एकच विचारत होते, 'देवव्रत दिसतोय का रे पुढे?'"