उंबऱ्यातली धूळ

दवाखान्यातल्या यंत्राने स्वराच्या छातीतला कण न् कण ओळखला. कुठली धूळ आणि पोरीने ती कुठे श्वासात घेतली, तेही सांगितलं.

“खडीक्रशरचीच आहे ना, डॉक्टर?” स्वराच्या आईने, मालनने विचारलं. तिचा नवरा हणमंत तिथेच कामाला होता.

“धूळ तिथलीच आहे, ताई. पण ती छातीत शिरली तुमच्या उंबऱ्यात. श्वासात कुठे गेली, कायदा आता तेवढंच बघतो.”

मालनने स्वराला जवळ ओढलं. घरात घाण नको म्हणून हणमंतचा सदरा ती रोज उंबऱ्यातच झटकायची. स्वरा पायाशी खेळत असायची.

“पण क्रशरवर अंघोळीची सोय कुठाय? ते तसेच येतात की घरी!”

“ते यंत्राला कळत नाही.”

क्रशरचा मालक सुटला. मालनच्या दारावर सरकारी पाटी लागली : ‘धुळीचा उगम’.

क्रशर रात्रंदिवस चालूच होतं. आठवडाभरात पाटी धुळीने इतकी माखली, की अक्षरं दिसेनात. ग्रामपंचायतीचा शिपाई येऊन खेकसला, “पाटी स्वच्छ ठेवायची जबाबदारी घरवाल्यांची!”

मालनने फडकं घेतलं. आधी ते ओलं केलं, स्वराला आत कोंडलं, आणि मग पाटी पुसली.