हात न लावता

भोंगा वाजला तो असा, की दोन्ही कान निकामी झालेल्या मास्तरांनीसुद्धा दार उघडून कोण आलंय म्हणून विचारलं. वृद्धनिवासातली मंडळी काठ्या सावरत अंगणाकडे निघाली. एका खोलीतल्या दोघी बहिणींपैकी थोरली मात्र खुर्चीला चिकटून राहिली आणि धाकटी तिच्यापाशी थांबली.

नियम साधा होता. आगीच्या तालमीचा भोंगा झाला की ज्याने त्याने आपल्या पायांनी अंगण गाठायचं. काठी चालते, दुसऱ्याचा हात चालत नाही. ज्याला जमलं नाही, त्याची रवानगी गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात. थोरलीच्या पायांत तसा दोष नव्हता. बाथरूममध्ये घसरल्यापासून धीर तेवढा गेला होता. धाकटीचं मनगट धरल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नसे.

दारात तपासनीस घड्याळ घेऊन उभा. माणूस वाईट नव्हता, पण नियमांना पोटच्या पोरांसारखं जपायचा. धाकटीने सवयीने हात पुढे केला, तसा तो खाकरला. तिने हात मागे घेतला. मग गोंजारून झालं, शपथा घालून झाल्या. थोरली म्हणाली, मला जळू दे इथेच, तू जा.

धाकटी खरंच निघाली. दारात वळली आणि अगदी सहज म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं. भावजी तुझ्या हातचं जेवायच्या आधी रोज माझ्याकडे जेवून यायचे."

थोरली उठली. कशी उठली ते तिच्या गुडघ्यांनाही कळलं नसेल. काठी जमिनीवर कमी आणि हवेत जास्त, अशी ती निघाली. व्हरांड्यात तिने वॉकरवाल्या दोघांना मागे टाकलं. मास्तर भिंतीला चिकटले म्हणून वाचले. पुढे धाकटी, मागे थोरली, तिच्यामागे धापा टाकत तपासनीस. वरात थांबली ती थेट अंगणातल्या बाकाशी.

तपासनिसाने घाम पुसत विचारलं, यांना कुणी मदत केली का?

"मदत? ही?" थोरली म्हणाली. "उभ्या जन्मात केली नाही हिने."

त्याने कागदावर बरोबरची खूण केली आणि आता भेट पुढच्या वर्षी, असं सांगून तो गेला.

अंगण रिकामं झालं. दोघी बाकाच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसल्या होत्या. शेवटी थोरलीने समोर बघतच विचारलं, "ह्यांचं ते... खरं होतं का गं?"

धाकटीने वाकून तिच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावला.

"पुढच्या तपासणीला सांगते."